तराफ्यापर्यंत

त्या घरात "टाका" हा शब्द शिवणाखेरीज आणखी एका कामासाठी वापरत, आणि ते काम शिवणापेक्षा नाजूक होतं.

आईचं कपडे शिवायचं दुकान होतं. घराखालच्या खोलीत दोन मशिनं, कापायचं लांब टेबल, पडद्याआड माप घ्यायची जागा आणि दाराला टांगलेले लोकांचे अर्धेमुर्धे कपडे. उसवलेलं बाहेरून दिसू नये असा बारीक टाका घालण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे. वरच्या मजल्यावर, घरात, ती हेच काम आपल्या मुलीसाठी करायची, जिला सगळे धाकटी म्हणत. धाकटी बोलता बोलता मध्येच थांबायची. डोळे उघडे, हात जागच्या जागी, पण ती स्वतः तिथे नसायची. थोडे श्वास जायचे आणि ती परत यायची, जरा गोंधळलेली, मधला वेळ कुठे गेला ते न कळलेली. ती परत यायच्या आत तिचं अर्धं वाक्य कुणीतरी पुरं करायचं, म्हणजे समोरच्याला फट दिसत नसे. याला घरात टाका घालणं म्हणत.

टाका घालायच्या आई-बाबांच्या तऱ्हा वेगळ्या. बाबा टपाल कचेरीत पत्रं वेगळी करायचे. स्वभावानं इतके घुमे की बढती मिळाली तरी घरात महिन्यानं कळायचं. पण मुलीसाठी ते विनोद पाठ करायला शिकले. धाकटी गेली रे गेली की बाबा "अहो, त्यावरून आठवलं" म्हणून सुरू. गल्लीत त्यांची ख्याती बोलघेवडा माणूस अशी झाली होती, आणि घरी आल्यावर हा बोलघेवडा माणूस तासभर भिंतीकडे बघत बसायचा.

आईची तऱ्हा सोपी होती. ती म्हणायची "हो". नाही म्हटलं की लोक कारण विचारतात, हो म्हटलं की विषय संपतो, हे तिला गिऱ्हाइकांनी शिकवलं होतं. "शनिवारपर्यंत मिळेल का?" "हो हो, मिळेल की." धाकटीला कुणी काही विचारलं आणि ती तिथे नसली, की आईचं हो हजर, आणि त्याला जोडून एखादं गोड वाक्य. प्रश्न काय होता हे ऐकायची तिला गरज वाटत नसे. तिचे कान फक्त फटीवर असायचे.

दहा-अकरा वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, आई म्हणायची. आणि आता ती मूठ तशीच झाकून ती सकाळच्या उन्हात धक्क्यावर उभी होती. समोर व्याही, विहीणबाई, होऊ घातलेला जावई आणि बेटावर जायची होडी.

दोन्ही घरं समुद्रकाठच्या त्या रिसॉर्टवर आली होती ती लग्नाची तारीख ठरवायला. मुलगा शाळेत व्यायाम शिकवायचा. धाकटी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. हा तिथे चष्मा करायला गेला आणि एका चष्म्यासाठी इतक्या खेपा घातल्या की दुकानदारालाही कळलं, दोष काचेत नाही. सगळे त्याला "सर" म्हणत. धाकटीही म्हणायची, चिडवायला. मुलगा लाखात एक. अडचण होती त्याच्या आईची. त्या इस्पितळात मुख्य परिचारिका होत्या. नोकरीतून निवृत्त झाल्या, पण त्यांचे डोळे काही निवृत्त झाले नव्हते. जग त्यांना सिस्टर म्हणायचं. त्यांचे यजमानही सिस्टरच म्हणत. लग्नाआधी त्यांच्या वॉर्डात पडून असताना लागलेली सवय, ती सुटली नाही म्हणे.

धाकटीला सगळं सांगून टाकायचं होतं. महिनाभर मायलेकींचा यावरून वाद चालला होता.

"लग्न होऊ दे, मग सांग," आई म्हणायची.

"मग सांगून काय उपयोग?"

"मग सांगितलं की माणसं सांभाळून घेतात. आधी सांगितलं की निघून जातात."

हे आई हवेत बोलत नव्हती. दोन वर्षांपूर्वी एका ठिकाणी बाबांनी भोळेपणानं सगळं सांगितलं होतं, आणि ती माणसं चहाचे कप अर्धे ठेवून उठली होती. ते अर्धे कप विसळताना आईनं ठरवलं होतं की पुन्हा नाही. तिनं धाकटीकडून वचन घेतलं. धाकटीनं दिलं, पण देताना तिनं आईकडे बघितलं नाही.

रात्रभर धाकटी कुशी बदलत होती, आणि आईला धास्ती लागली होती ती त्याची. डॉक्टरांनी दोनच गोष्टी बजावल्या होत्या. झोप मोडली की हा त्रास वाढतो, ही एक. दुसरी पाण्याची. "बुडणारा माणूस हातपाय मारतो, ओरडतो," ते म्हणाले होते. "ही पाण्यात असताना हरवली तर काहीच करणार नाही. गुपचूप खाली जाईल." त्याच आठवड्यात आईनं न्हाणीघराच्या दाराची कडी काढून टाकली. तेव्हापासून धाकटी आंघोळीला गेली की आई दाराबाहेर उभी राहून काहीबाही विचारत राहायची आणि आतून उत्तर आलं की श्वास सोडायची. पोहायचं तर नावच नाही. लहानपणी ही मुलगी तलावातून बाहेर यायला तयार नसायची, हे आता घरात कुणी बोलतही नसे.

"नुसतं बेट बघून यायचं," आईनं सकाळी खोलीत तिला बजावलं. "पाण्यात पाय बुडवायचे तेवढेच."

"हो आई," धाकटी म्हणाली होती. तिच्याही 'हो'मध्ये काही दम नव्हता.

नाश्त्यालाच पहिला टाका पडला. बाबांनी घातला, पावाला लोणी लावता लावता, आणि तो बेमालूम बसला. दुसरा होडीत. नावाड्यानं सगळ्यांना नारिंगी जॅकेटं चढवायला लावली होती. ती शेवटची कधी धुतली हे त्या समुद्रालाच ठाऊक. धाकटी सिस्टरना दुकानातली गंमत सांगत होती. एक आजोबा आपला चष्मा हरवला म्हणून नवा करायला आले, आणि तो त्यांच्या—

तिथेच ती थांबली.

"कपाळावरच होता!" बाबा पटकन म्हणाले. "त्यावरून आठवलं, आमच्या टपाल कचेरीत एकदा..."

व्याही पोट धरून हसले. सर हसला. सिस्टर मात्र हसल्या नाहीत. त्या धाकटीच्या बोटांकडे बघत होत्या. जॅकेटच्या पट्ट्यावर ती बोटं कुणीतरी ठेवून गेल्यासारखी पडली होती. मग बोटं हलली, धाकटीनं डोळे मिचकावले आणि सगळे हसताहेत म्हणून तीही हसली. सिस्टरनी नजर वळवून समुद्राकडे लावली. नाश्ता होऊन दोन तास झाले नव्हते आणि दोन टाके पडले होते. घरी एवढे आठवड्यात पडत नसत.

बेट म्हणजे वाळूचा एक पट्टा, मागे थोडी झाडं, शीतपेयांची एक टपरी आणि भाड्याच्या छत्र्या. किनाऱ्यापासून आत एक लाकडी तराफा नांगरून ठेवला होता. किनारा ते तराफा असा एक दोर, त्याला प्लॅस्टिकचे पांढरे गोळे बांधलेले. पोहणारी माणसं त्या दोराच्या कडेनं तराफ्यावर जात, वर चढून ऊन खात आणि परत येत. पाणी इतकं नितळ होतं की काठाशी उभं राहिलं तर आपल्याच पायांची नखं मोजता यावीत. नावाड्यानं सगळ्यांची जॅकेटं गोळा केली, होडी बेटाच्या पलीकडच्या सावलीत नेऊन लावली आणि तोंडावर टोपी घेऊन आडवा झाला.

छत्रीखाली मंडळी बसली. सिस्टरनी डबे काढले. आई पिशवीतून टॉवेल काढत होती, पाठ धाकटीकडे, कान धाकटीकडे. सर उभा राहून काहीतरी म्हणाला. धाकटी म्हणाली, "मी..."

आणि फट पडली.

"हो हो, येईल की!" आई वळायच्या आत म्हणाली. "तिला पाणी भारी आवडतं. लहानपणी तर बाहेरच यायची नाही."

वाक्य तोंडातून गेलं आणि मग आईला प्रश्न कळला. सर तराफ्याकडे बोट दाखवून उभा होता. अंगात पोहायची चड्डी, चेहऱ्यावर आनंद. "बघ, काकूंनी तुझं गुपित फोडलं," तो धाकटीला म्हणाला. "मला वाटत होतं तुला पोहता येत नाही. चल मग, त्या तराफ्यापर्यंत."

धाकटी परत आली होती. तिनं सरकडे बघितलं, तराफ्याकडे बघितलं, मग आईकडे. "आई? खरंच जाऊ?"

त्या दोन शब्दांत काय होतं ते आईला बरोबर कळलं, आणि ते कळल्यामुळेच तिची जीभ टाळ्याला चिकटली. मुलीला वाटत होतं की आईनं परवानगी दिली. इतक्या वर्षांनी, सगळ्यांसमोर, आपणहून. तिचा चेहरा असा उजळला होता की तलावाकाठची ती ओली, हट्टी पोरगी क्षणभर तिथे उभी राहिली.

"आधी चार घास खाऊन घ्या ना," आई म्हणाली.

"खाऊन पाण्यात जाऊ नये," सिस्टर म्हणाल्या. "आधीच जाऊ देत."

आता नाही म्हणायचं तर कारण द्यायला हवं. आईनं डोक्यातले सगळे खण उचकले. सर्दी, ऊन, भिजलेले केस. एकही कारण सिस्टरच्या डोळ्यांसमोर टिकलं नसतं. तेवढ्यात सरनं चष्मा काढला आणि आपल्या आईच्या हातात दिला.

"सांभाळ गं. हा नसला की मला हाताभरावरचा माणूसही धुरकट दिसतो," तो म्हणाला. आणि दोघं पळत पाण्यात गेली.

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते आईजवळ सरकले. "अगं, काय म्हणालीस तू हे?"

"मला काय माहीत तो काय विचारतोय ते," आई पुटपुटली.

"थांबव तिला."

"काय सांगून थांबवू? तुम्ही सांगता का?"

एकदा सांगून बघितलं होतं बाबांनी. ते परत जाऊन व्याह्यांशेजारी बसले आणि कुणी न मागता विनोद सांगू लागले. आवाज कापत होता. व्याही तरीही हसत होते, माणूस भला.

आई वाळूत बसली, पाण्याकडे तोंड करून. दोन डोकी. दोराच्या पांढऱ्या गोळ्यांच्या कडेनं एक काळं डोकं पुढे, एक मागे. ती डोकी दिसताहेत तोवर सगळं ठीक आहे, असं तिनं स्वतःला सांगितलं. पापणी लवली तरी तिला चुकल्यासारखं वाटत होतं. पहिला गोळा, दुसरा गोळा. मुलगी सुरेख पोहत होती. हात विसरले नव्हते काही.

"लग्नाचे कपडे तुम्हीच शिवणार असाल," सिस्टर शेजारी येऊन बसल्या. सरचा चष्मा त्यांच्या मांडीवर होता.

"हो."

"धाकटीला रात्री झोप लागली नाही वाटतं."

"नवी जागा आहे ना."

"हं. डोळे उतरलेत." सिस्टरही पाण्याकडेच बघत होत्या. "औषध काही चालू आहे का तिला?"

"हो," आई म्हणाली. सवयीनंच निघालं ते. "म्हणजे... नाही. शक्तीच्या गोळ्या."

सिस्टरनी चष्म्याच्या काड्या मिटल्या आणि उघडल्या. आईला वाटलं, कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात, ते आता इथे या वाळूवर फुटणार. आणि फुटू दे, असंही तिला पहिल्यांदाच वाटलं. ओरडावं आणि मोकळं व्हावं. पण मग ते अर्धे कप डोळ्यांपुढे यायचे, आणि त्या दिवशी रात्री धाकटी उशीत तोंड खुपसून कशी रडली होती ते. हा मुलगा गेला तर ती पुन्हा उभी राहील का? ओरडावं तर मुलीचा संसार सुरू व्हायच्या आत मोडतो. न ओरडावं तर... त्या "तर"च्या पुढे आई गेली नाही.

दोराच्या मध्यावर आल्यावर सर पुढे निघून गेला. सवयीचा पोहणारा, त्याला मागचं भान राहिलं नाही. त्याच्या आणि धाकटीच्या मध्ये पाण्याचा मोठा पट्टा पडला.

आणि धाकटी थांबली.

तिचे हात हलायचे बंद झाले. डोकं पाण्यावर होतं, मग तोंड पाण्यात गेलं. केस बाजूंनी पसरले. ती तशीच राहिली.

आईनं पडद्याआडून, दुसऱ्या खोलीतून, फोनवरच्या आवाजातून ती फट ओळखली होती आजवर. आता उघड्या डोळ्यांसमोर असून तिला कळेना. विसावा घेतेय की गेली? एक श्वास. दोन श्वास. मान वर येत नव्हती. पुढे सर तराफ्याची कड धरून वळला, मागे बघितलं, आणि हात हलवला. त्या धुरकट डोळ्यांना धाकटीही हात हलवतेय असं वाटलं असणार.

मग आईचा आवाज सुटला. असा आवाज आपल्याजवळ आहे हे तिलाही माहीत नव्हतं.

"धर तिला! अरे धर! तिला झटके येतात, ती बुडेल! धर!"

आतापर्यंत त्याला अहोजाहो करणारी आई एकदम अरेतुरेवर आली होती. टपरीवरची माणसं उठून उभी राहिली. आई कपड्यांनिशी पाण्यात शिरली. तिला पोहता येत नव्हतं. कमरेपर्यंत पाणी आलं, छातीपर्यंत आलं, बाबांनी मागून तिचा दंड पकडला तरी ती पुढेच ओढत होती. तिकडे सरनं अंग झोकून दिलं आणि बाणासारखा येऊन धाकटीला मागून कवेत घेतलं.

धाकटी किंचाळली. चांगली, खणखणीत, शुद्धीवरच्या माणसासारखी.

"काय झालं? काय करताय?"

समुद्रावरून आवाज लांबवर जातो. तिचं पुढचं वाक्य काठावरच्या प्रत्येकानं ऐकलं.

"मी तळ बघत होते. नुसता तळ बघत होते मी!"

परत काठावर येताना ती सरच्या पुढे चालत होती, आणि तिनं आईकडे एकदाही बघितलं नाही. आई वाळूत बसून होती, कपड्यांतून पाणी गळत होतं, दातावर दात आपटत होते. मुलगी जिवंत होती, तेवढ्यापुरता जीव भांड्यात पडला होता. बाकी सगळं वाळूत पडलं होतं. आणि ज्याच्यासाठी ओरडली ते घडलंही नव्हतं.

सरनं आपल्या आईकडून चष्मा घेतला, डोळ्यांवर चढवला आणि धाकटीकडे नीट बघितलं. "खरं आहे?" त्यानं विचारलं.

धाकटीनं मान हलवली.

"आणि तू आलीस माझ्याबरोबर? मला न सांगता?" त्याचा आवाज चढला नाही, म्हणून तो जास्त लागला. "मी पुढे निघून गेलो. मला तू दिसतही नव्हतीस."

सिस्टर उठल्या. त्या आईसमोर येऊन उभ्या राहिल्या. बाबांनी तोंड उघडलं, "त्यावरून आठवलं..." असं त्यांच्या ओठांवर आलंसुद्धा, पण सिस्टरनी नुसता हात वर केला.

"आजार कुणालाही होतो," त्या आईला म्हणाल्या. "आजारांत आयुष्य गेलंय माझं. मला त्याचं काही नाही. होडीतच मला शंका आली होती. म्हटलं, सांगतील. मी तुम्हाला मघाशी सरळ विचारलं, औषध चालू आहे का म्हणून. माझा मुलगा चष्म्याशिवाय आंधळा आहे, आणि त्याच्या भरवशावर तुम्ही हिला पाण्यात सोडलंत. ती दोघं तिथे होती आणि तुम्ही मला शक्तीच्या गोळ्या सांगत होतात."

आईजवळ जी वाक्यं उरली होती ती सगळी टाक्याची होती.

डबे न उघडताच परत पिशवीत गेले. नावाड्याला उठवलं, तो कुरकुरत होडी घेऊन आला. येताना ज्या जागी जो बसला होता त्याच जागी सगळे बसले, फक्त सर धाकटीच्या शेजारी बसला. प्रेमानं की रागानं, हे त्याच्याकडे बघून सांगता येत नव्हतं. एक हात मात्र त्यानं तिच्या पाठीमागे फळीवर ठेवला होता. इंजिन धडधडत होतं. बेट मागे लहान होत गेलं.

"किती वर्षं झाली?" सिस्टरनी विचारलं.

"ती शाळेत होती तेव्हा..." आईनं सुरुवात केली.

"तुम्हाला नाही विचारलं. तिला विचारलं."

धाकटीनं ओले केस मागे सारले. "दहा झाली. अकरावं चालू आहे."

"आम्हाला सांगणार होतीस का?"

"मी सांगणार होते," धाकटी म्हणाली. "मला सांगायचंच होतं. पण आई..."

आणि ती गेली.

बाबांचं तोंड उघडलं. आईनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबला. बाबांनी चमकून तिच्याकडे बघितलं आणि तोंड मिटलं.

कुणी काही बोललं नाही. इंजिन चालू होतं. धाकटी समोर बसली होती, डोळे उघडे, ओठ किंचित विलग, "आई" या शब्दावर थांबलेले. आई तिच्याकडे बघत राहिली, आणि तिच्या लक्षात आलं की हा चेहरा तिनं कधी पाहिलाच नव्हता. इतक्या वर्षांत प्रत्येक वेळी ती लोकांकडे बघत होती. त्यांना कळलं का, त्यांना दिसलं का. मुलगी नसायची तेवढा वेळ मुलीकडे बघायला कुणीच नसायचं. चेहरा भेसूर नव्हता. केविलवाणाही नव्हता. वाचता वाचता पुस्तकातून मान वर करून माणूस कुठेतरी बघत राहतो, तसा होता. सरचा हात फळीवरून उचलला गेला आणि तिच्या खांद्यावर आला. सिस्टर तिच्याकडे बघत होत्या, शांतपणे, जसं त्यांनी हजार खाटांशेजारी उभं राहून बघितलं असेल.

आईला तो वेळ सोसवेना. घशात वाक्य तयार होतं. शिवलेलं, काज-बटणासकट. तिनं ते गिळलं.

धाकटीनं डोळे मिचकावले. सगळे आपल्याकडे बघताहेत आणि कुणीच बोलत नाही, असं तिच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. ती घाबरली. तिनं सवयीनं आईकडे बघितलं.

"काय म्हणत होते मी?"

"'पण आई' म्हणालीस," आई म्हणाली. "तिथवरच."

"मग पुढे?"

"पुढचं मला माहीत नाही."

धाकटी थोडा वेळ आईकडे बघत राहिली. असं उत्तर तिला या बाईकडून कधी मिळालं नव्हतं. मग ती सिस्टरकडे वळली.

"पण आईला माझी लाज वाटते," ती म्हणाली. सावकाश, एकेक शब्द हातात घेऊन. "तिला वाटते म्हणून मलाही वाटायला लागली. म्हणून नाही सांगितलं."

आईनं टाका घातला असता तर तो असा पडला असता: पण आईला काळजी वाटते. कुणालाही तो खोटा वाटला नसता. तिला स्वतःलाही नसता वाटला.

सिस्टरनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडून आधी धाकटीला दिली, आणि तिची झाल्यावर तीच बाटली आईकडे सरकवली.

"लग्नाचं मी आज काही बोलणार नाही," त्या म्हणाल्या. "आज मला राग आलाय. रागात मी इंजेक्शनसुद्धा दिलं नाही कधी. उद्या नाश्त्याला या, तिघंही. हा काय ते हिच्याशी बोलेल, ही काय ते आमच्याशी बोलेल. मध्ये कुणी नाही."

"मी पण गप्प बसायचं का?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही तर बसाच."

व्याह्यांना हसू फुटलं, ते त्यांनी खोकल्यावर नेलं. बाबांनी मात्र मान मागे टाकली आणि डोळे मिटून घेतले. इतकं सुखावलेलं त्यांना आईनं फार दिवसांत बघितलं नव्हतं.

धक्का जवळ आला. नावाड्यानं दोर फेकला, होडी टायरांवर घासून थांबली. मंडळी एकेक करून उतरली. सर उतरून वर थांबला, पण धाकटी उठली नाही. आईही बसून राहिली होती, ओले कपडे अंगाला चिकटलेले, हातात रिकामी बाटली.

"आई," धाकटी हळू म्हणाली, "मघाचं ते... मी बरोबर म्हणाले ना? वाटते ना तुला लाज?"

भीती वाटते गं, काळजी वाटते, आईचं काळीज आहे, तुझ्याच भल्यासाठी. सगळे टाके ओळीनं उभे होते. आईनं मुलीच्या डोळ्यांत बघितलं. मुलगी तिथेच होती, आणि ऐकत होती.

"हो," आई म्हणाली.

'हो'च्या पुढे काहीतरी जोडायची तिला सवय होती. या वेळी तिनं काही जोडलं नाही. तिचे डोळे भरून आले, आणि तेही तिनं लपवले नाहीत.

धाकटीनं मान हलवली. आईच्या बाहीला चिकटलेली ओली वाळू तिनं हातानं झटकली, मग स्वतः आधी धक्क्यावर उतरली आणि वळून आईला हात दिला.